कोनीय संवेग, बुधवारी सात वाजता

ताम्पेरेत, नदीकाठच्या जुन्या सूतगिरणीत,
जिथे शंभर वर्षं चात्या फिरल्या,
तिथे तिसऱ्या मजल्यावर आता
आम्ही फिरतो.
सात बायका, एक ट्राम ड्रायव्हर
आणि जमिनीपासून छतापर्यंत पितळी खांब.
ड्रायव्हरचं नाव वेइक्को.
दिवसभर रुळांवरून सरळ जातो, म्हणाला,
बुधवारी तरी वळू द्या.

मी ओर्वोक्की. वय सत्तावन्न.
एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं,
त्यातलं फिरणं नेहमी
दुसऱ्याला खुर्चीवर बसवून.
हातात दोन डंबेल द्यायचे, "हात पसर" म्हणायचं,
गरकन फिरवायचं, "आता आत घे."
मुलं खिदळायची. मी फळ्याकडे वळून
समीकरण लिहायची,
पाय जमिनीवर.

पहिल्या दिवशी बाहेर उणे बावीस.
सवयीनं सकाळी अंगाला क्रीम चोपडलेलं.
खांब धरला, पाय उचलले
आणि ताटातून लोण्याचा गोळा घरंगळावा तशी
शिस्तीत खाली आले.
घर्षणांक: नगण्य.
अब्रू: तीही.

मग कळलं, तोकडे कपडे इथे
नखऱ्यासाठी नसतात.
कापड निसटतं, कातडी धरते.
गुडघ्यामागची, कोपराच्या खोबणीतली,
जिच्याशी जन्मभर आपली ओळखच झालेली नसते
ती कातडी.
शेजारच्या हिल्काला हे समजावताना
मी कॉफीच्या चमच्यांची आकृती मांडली,
बाण काढले, बल दाखवलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, पण चड्डी किती तोकडी?

मांडीवर जांभळं पिकली,
हंगाम नसताना.

शिकवतो तो एतू.
नववीत माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर.
या धड्यावरच्या पेपरात मी त्याला चार दिले होते.
आमच्याकडे चार म्हणजे नापास.
उत्तराच्या जागी त्यानं भोवरा काढला होता.
छान होता भोवरा. मार्क नव्हते त्याला.
तोच आता एका हातानं लटकून
पाय पसरतो, संथ, जणू वेळ त्याच्या बापाचा,
मग गुडघे छातीशी घेतो
आणि दिसेनासा होतो.
नुसती एक गर्रर्र.

"बाई," म्हणतो, धापही न लागता,
"अंथरूण पाहून पाय पसरायचे.
हळू व्हायचंय? पसरा.
घाई आहे? आवरा."
एकतीस वर्षांत मी हे
इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

काल जमलं.
डावा हात वर, उजवा खाली, पाय लांब.
खोली सावकाश माझ्याभोवती निघाली:
खिडकी, वेइक्को, रेडिएटर, खिडकी.
मग पाय आत घेतले.
खिडकीवेइक्कोरेडिएटरखिडकीवेइक्को
संवेग कायम राहिला, पुस्तकात म्हटल्याप्रमाणे.
ऊर्जा वाढली, तीही पुस्तकात म्हटल्याप्रमाणे.
फक्त ती येते कुठून
हे मी कधी नीट वाचलं नव्हतं:
ती पोटातून येते, बरगड्यांच्या खालून,
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी
व्याजासकट परत मागितली जाते.

"काय म्हणत होता मघाशी?" एतूनं विचारलं.
मला वाटलं समीकरण म्हणत होते.
वेइक्को म्हणाला, छे, नुसतं ईईईई.

खांब थांबला. मी थांबले.
कानातलं पाणी थांबलं नव्हतं,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
घरच्या लिफ्टमध्ये हिल्का भेटली.
दोन्ही हातांनी भिंत धरलेली मला पाहून
"बुधवारीच?" म्हणाली.
मी नाही म्हणायला मान हलवली.
चूक झाली. पुन्हा सगळं निघालं,
हिल्कासकट.

रात्री कपाटातून मार्कांची जुनी वही काढली.
एतूच्या चारपुढे, पेन्सिलीनं,
एक भोवरा काढला.
जरा वाकडा आला.
टेबल अजून हलत होतं.