दर तीस तासांनी उघडावा

रे रोडच्या शेडमध्ये, रोलरवर, चार पट्ट्यांनी बांधलेली
ही गाडी ताशी दोनशे दहानं धावते
आणि इंचभरही पुढे सरकत नाही.
बाहेरून पत्र्यांची हातगाडी ओढत एकजण
तिला आरामात ओव्हरटेक करून जातो.

साडेसहाशे हॉर्सपॉवर. जुना गिअरबॉक्स
एप्रिलमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तिसऱ्याचे दात थुंकून मेला.
ऑइल गाळलं तेव्हा चाळणीत तुकडे,
बोरमाळ तुटल्यासारखे.
ते बाईंनी रुमालात बांधून नेले. का, ते विचारलं नाही.

डॉ. तस्नीम मुकादम, भूलतज्ज्ञ, भायखळा, वय बावन्न.
दिवसभर माणसांना शंभरपासून उलटे आकडे मोजायला लावतात.
ब्याण्णवच्या खाली कुणी पोचत नाही, म्हणतात.
त्यांना आता सिक्वेन्शिअल हवा.

पेणकरशेठ दोन कॅटलॉग मांडतात,
एकावर चहाचा ग्लास, एकावर चष्मा.
"हा स्वस्त. सातशे न्यूटनमीटर झेलतो म्हणे.
'म्हणे'ची गॅरंटी नसते.
हा महाग. ह्याच्या पैशात भायखळ्यात एक मोरी येईल."

मग तेच सांगतात, जे मी एकोणीस वर्षं ऐकतोय,
तरी पाना खाली ठेवून ऐकतो:
"साध्या बॉक्समध्ये सिंक्रो असतो, लग्न जुळवणाऱ्या मामासारखा.
इकडे समजावतो, तिकडे समजावतो, वेग जुळला की हातात हात देतो.
ह्यात मामा नाही. डॉग रिंग. दात थेट दातात.
गोंजारत टाकलात तर कोपरे झिजतील.
हळुवार हात ह्याला मारतो, बाई.
आणि पाचवरून दोनवर उडी मिळणार नाही.
चार, तीन, मग दोन. जिना आहे, लिफ्ट विसरा."

"आवाज?"
"सरळ दातांचा. पिठाची गिरणी रडायला लागली तर तसा.
पण मला विचारू नका, माझे वरचे सूर केव्हाच गेले."

खरं आहे. हल्ली ते केसिंगजवळ तळहात धरतात,
तवा तापला का बघावं तसा.
"आम्ही शनवार तेली. पणजोबांचा पेणला घाणा होता.
तेल बोटावर घेतलं की कळतं आत कुणाचं भांडण चाललंय."

दर शुक्रवारी दुपारी अश्दोदहून मुलाचा फोन येतो.
पप्पा, तिकीट काढू का.
शेठ म्हणतात, एक काम हातात आहे.
एक काम कायम हातात असतं.

महागडा आला. कस्टममध्ये अकरा आठवडे पडून आला.
बाई सीटवर, पट्टे आवळलेले, डावा हात लिव्हरवर.
पहिल्यांदा ओढला तो विचारपूर्वक,
आणि आत काहीतरी असं कडाडलं
की केसिंगवरचा शेठचा हात उडाला.

"सुई टोचताना एवढा विचार करता?"
"नाही."
"मग."

खट्.
खट्.
रोलर घुमले, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं,
शेजारच्या भंगारवाल्यानं शिवी दिली.
खट्.
बाई हेल्मेटच्या आत हसत होत्या की काय, काचेतून दिसेना.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय: दर तीस तासांनी उघडून तपासावा.
शेठनी वही काढली. आजची तारीख. चाळीस मिनिटं.
बाई वर्षातून दोनदा चेन्नईला जातात,
गाडी ट्रकवर, बाई विमानानं.
दोन्ही मिळून पाच तास, फार तर.
हिशोब मी मनात केला.
शेठ सत्त्याहत्तरचे. त्यांनीही केला असावा,
पेन्सिल थोडी थांबली.

मग 'उघडणार' ह्या रकान्यात त्यांनी माझं आडनाव लिहिलं.
गंगावणेचं गंगवणे, नेहमीसारखं.
मी दुरुस्त केलं नाही.

"शटर ओढ," म्हणाले, "ऊन उतरलं.
उद्या बंद."