कानातला खडा

माशाच्या कानात खडा असतो.
साबुदाण्याएवढा, चपटा.
डोकं उघडून चिमट्यानं काढायचा,
मग बारीक पॉलिश पेपरवर घासत बसायचं
श्वास धरून.
एक हात जास्त फिरला की गाभाच जातो,
वर्ष जातं. माशाचं, आणि थोडं माझंही.

नीट उतरला तर भिंगाखाली वलयं दिसतात,
बाभळीच्या बुंध्यासारखी.
पुराचं वर्ष रुंद.
मळीचं पाणी सुटलेलं वर्ष
नखानं ओढल्यासारखं, काळं.

राजाराम बंधाऱ्यावर सदबा भोई मला चिलापी देतो.
किलोवर नाही, नगावर.
"बारकी कशाला घेतीस? मोठी घे, चव हाय."
मला वय हवंय, मी म्हणते, चव नको.
"खड्यावर वय लिवलेलं असतंय व्हय?
आमी कानाला खडा लावतो, पुन्हा त्या वाटंला जात न्हाई.
हिच्या तर कानातच खडा,
मग रोज कशी घावती माझ्या जाळ्यात?"
हा प्रश्न मी प्रबंधात घेतलेला नाही.

पूर्वी वीतभर झाल्याबिगर गाभोळी धरत नव्हती,
आता चार बोटांची पोर आई हुतीया,
हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
"घाई झालीया त्यास्नी."
मला तेवढं म्हणायला तीन वर्षं लागली
आणि सतरा संदर्भ.

विद्यापीठातली वीज गेली की नमुने घेऊन
मी शाहूपुरीत पळते, इलाही बागवानांच्या दुकानात.
पिस्ता कुल्फीखाली माझे एक्केचाळीस मासे.
गिऱ्हाइकाला सांगू नका, मी म्हणते.
ते म्हणतात, तुम्हीच सांगू नका.

एक्केचाळीस. परीक्षकाचा शेरा आला:
नमुना लहान आहे. एवढ्यावर उत्क्रांती बोलता येत नाही.

मार्चात, गळीत संपता संपता,
सकाळी सहाला सदबाचा फोन. फक्त "ये."
बंधाऱ्याच्या वर पाणी पांढरं दिसत होतं.
पोटं होती ती.
माणसं खताच्या पोत्यांत भरत होती, वाट्याला येतील तेवढी.
मीही भरत होते,
फक्त माझ्या पिशव्यांवर आकडे होते.
सदबानं एकही उचलला नाही.
चपला काढून काठावर बसला होता,
मयताला बसतात तसा.
"घे आता. बारकी बी, मोठी बी. पैसं नगं."

दोनशे बारा.

सगळ्यांची तोंडं हवेसाठी उघडी.
शंभराच्या आसपास एकीचं मिटलेलं.
चिमट्यानं उघडलं तर आत नऊ पिल्लं,
तीन हलत होती.
परकी जात, परत सोडायची नाही, नियम आहे.
आणि सोडणार तरी कुठं.

लेख स्वीकारला गेला.
"नमुना आता समाधानकारक."
इलाहीभाईंनी कुल्फी दिली, मला गिळवेना.

प्रयोगशाळेत, बेसिनच्या शेजारी,
काचेच्या टाकीत तिघी आहेत.
त्यांच्या कानात रोज एक रेघ चढते,
आज, काल, परवा,
आणि अगदी आत कुठंतरी ती सकाळ,
आईच्या तोंडातली.
ती रेघ कशी असेल, मला पाहता येईल.
कुणीच पाहिलेली नाही. अजून एक लेख होईल.
फेलोशिपचे चार महिने उरलेत.

चिमटा धुऊन ठेवलाय.
मी त्यांना खायला घालते.