जबानी, आंगठ्यासहित

लिही बाप्पा.
नाव कौतिकाबाई दमडूजी राऊत.
वय आधार कार्डावर एकोणसत्तर,
पन मोठा पूर आला तवा माही पोरगी कडेवर होती,
हिशेब तूच करून घे.
धंदा: पयले कापूस वेचनं, आता बसनं.
गाव बोरखडी, तालुका आर्वी.

चोरी केली का म्हनतं?
घाई काहून करतं? चहा तरी येऊ दे.

थे मशीन तू पाह्यलं नसंन.
काडीपेटीहून जरासं मोठं, पोटात लाल दिवा.
आमचे निराधारचे पैसे त्याच्या मर्जीवर.
मंगेश सेंटरवाला म्हने, आजी, आंगठा ठेवा.
मशीन म्हने, जुयत नाई.
लिंबू चोयलं. टूथपेस्ट चोयलं.
शेवटी मंगेशनं माहा आंगठा
आपल्या प्यांटाले घासला.
जुयत नाई.
असे चार महिने.
मंग थो म्हनला, मशीनच्या मतानं तुमी तुमी नाई.

म्या घरी येऊन आरशात पाह्यलं.
मीच होती.

बकाराम भोयरच्या बोटायच्या रेषा कासऱ्यानं नेल्या,
लहानू उईकेच्या तेंदूपत्त्यानं,
सुगंधाबाईच्या मिरच्यायच्या देठायनं,
माह्या तव्यानं.
थ्या कुठं परत मागाच्या?

बस थांब्यावर बैठक झाली.
बकारामनं काठीनं धुयीत नकाशा काढला.
शेयी येऊन नकाशावर बसली.
दुसरा काढला.

मंगयवारी बजार.
सुगंधाबाई सेंटरच्या दारात पडली.
पडली म्हंजे काय पडली!
डोये पांढरे, एक चप्पल पायात, एक नालीत.
मंगेश पान्यासाठी धावला.
लहानूले फक्त वायर ओढाची होती.
वायरा निंगाल्या तीन.
त्यानं तिन्ही ओढल्या.
म्हनून त्या दिवशी पीठगिरनी बंद पडली,
थे आमच्या मनात नोतं, वायलं लिही.

बकाराम पहाऱ्यावर होता.
मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोयाचं झालं त्याचं,
थ्यानं अर्धाच रस्ता पाह्यला.

पयालो नाई. चाललो.
मधात दोनदा बसलो.
सुगंधाबाईले मातर सोडून आलो,
तिले कोनी लिंबू-सरबत देऊन रायलं होतं.

राती त्याले पाटावर ठेवलं.
लहानूनं थोडी हयद वाह्यली, उगीच कटकट नको.
मंग बकारामनं दम दिला:
आता तू आंगठा दाखव.
थे नुसतं लुकलुक करे.
म्या म्हनलं, जुयत नाई, पुढच्या महिन्यात ये.
लय हासलो बाप्पा.
सुगंधाबाईची कवळी मशीनवर पडली.

मंग वर्ध्याहून तुमचा थो साहेब आला,
काया भुकटीचा डबा घेऊन.
टेबल झाडलं, दार झाडलं, खुर्ची झाडली.
म्हने, ठसाच नाई.
आमचे चौघाचे आंगठे कागदावर घेतले.
चार डाग उमटले. नुसते डाग,
भाकर करपल्यावानी.
साहेब चष्मा पुसत रायला.

आता तूच सांग.
पैसे घेताना आमी आमी नाई,
अन् चोरी करताना आमीच का?
सरकारनं एकदाचं ठरवाव.

हाव, मशीन कुठी हाय थे सांगतो.
तुह्या घरी.
तुरीच्या कोठीत, खालून दोन वीत.
डोये काहून मोठे करतं?
पाचवी होती ना आमच्यात.
तुही माय.
तिचे सहा महिन्याचे अडकले,
तुले सांगितलं तिनं, तू म्हनला पाहू.
नकाशा तिनंच सुधरोला,
शेयी बी तिचीच.

लिही. थांबला काहून?
पेन झिजला का?

बरं, खाली आंगठा पायजे म्हनतं.
आन ती शाई इकडं.
हा घे.
उमटला तं माहा.