उघाडीपलीकडे

हॅचरीतून आली तेव्हा करंगळीएवढी होती.
ऑक्सिजनने फुगवलेल्या पिशव्या, एका पिशवीत दोनशे.
टेम्पोवाल्याने मोजून दिली, मी सही केली.
दिवाळ्याच्या मागे, खारफुटीला टेकून आमचं तळं,
तळ्याला बांध, बांधात उघाडी,
उघाडीपलीकडे खाडी.

चौदा महिने सकाळी सातला मी त्यांना खाणं टाकलं.
बादलीची कडी वाजली की पाणी उकळायचं.
पुढे पुढे कडीही लागेना,
माझी सावली पुरायची.

वजनाला चोख. दिसायला, खरं सांगू?
जिताड्याची शेपटी गोल हवी, विंझणवाऱ्यासारखी.
यांची सरळ, टाकीच्या सिमेंटवर झिजलेली.
नाक जाळीला घासून बोथट.
कल्ल्यामागचे पर चुरगळलेले,
भिजून वाळलेल्या वहीच्या कोपऱ्यासारखे.
रंग जुन्या ॲल्युमिनियमच्या टोपाचा.
खाडीच्या जिताड्याच्या पाठीवर पितळेची झाक असते,
ती मी शोधायचो, टॉर्च मारून, रात्री.

लाडकूकाकीने पहिला मासा हातात घेतलाच नाही.
नुसता अंगठा दाबला पोटावर.
"यो कदी कुनाला भ्याला नाय," म्हणाली.
"मांस बग. झोपलेल्या मानसाच्या हातासारकं."
खाडीचा नऊशे, याचा साडेचारशे.
मी वाद घातला नाही. कालवण मीही खाल्लं होतं,
चिखल लागतो जिभेला, शेवटी.

भाद्रपदातल्या उधाणात बांध फुटला.
दोन दिवस मी फुटक्या बांधावर बसून
खाण्याच्या गोणींची उधारी मोजत होतो.
तिसऱ्या दिवशी, सकाळी सात,
उघाडीच्या बाहेरच्या अंगाला पाणी उकळलं.

ऐरोलीपासून उरणपर्यंत खाडी मोकळी होती त्यांना.
बोय होती, कोळंबी होती, मऊ पाठीच्या चिंबोऱ्या होत्या,
आणि ही इथे, तोंडं वर करून.
मी ओरडलो. बादली आपटली.
बादली आपटायला नको होती.
ढेकळं मारली, तर ढेकळांनाही तोंडं उघडली त्यांनी.
गावातली पोरं हातांनी धरत होती.
मग मीही पाण्यात उतरलो.
बत्तीस मिळाले.
बाकीच्यांचं काय झालं असेल
ते बगळ्यांना विचारा.

माघात काकीच्या दिराच्या जाळ्यात एक आला.
साडेचार किलो. पाठ पितळी.
खवले असे की नखाने वाजवावेत.
पोटात तीन कोळंब्या आणि एक अख्खी बोय.
शेपटी गोल. जवळजवळ गोल.
वरच्या कोपऱ्यात मात्र काटे वाकडे उगवलेले,
मोडून आपोआप जुळलेल्या बोटासारखे.

काकीने अंगठा दाबला. उचलला. पुन्हा दाबला.
माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोललो नाही,
तो सातला कुठे असायचा, किती दिवस उपाशी होता,
कोणत्या दिवशी माझी सावली विसरला,
मला काय माहीत.

सीवूड्सहून येणारी एक बाई फळीशी वाकली.
"खाडीचा की तळ्यातला?"

"दोनी," म्हणाली काकी.
"आनि भाव खारीचा."

पन्नास रुपये कमी केले मात्र,
शेपटीचे.