सरासरी

एकतीस वर्षं मी या ठाण्यावर पाऊस मोजतो.
पत्र्याचं एक नळकांडं, एक पेन्सिल,
आणि दर डिसेंबरला उलानबातारहून तोच प्रश्न :
सरासरी किती?

तीच आहे, साहेब.
माझ्याआधी बादराख लिहायचा तेव्हा होती तेवढीच,
दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे.

फक्त गेल्या वर्षी जूनभर नळकांड्यात
धूळ होती आणि एक मेलेला नाकतोडा,
आणि ऑगस्टातल्या एका दुपारी
महिन्याभराचं पाणी चाळीस मिनिटांत कोसळून
माती घेऊन नदीकडे गेलं.
रकान्यांत दोन्ही शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने.

खंदसुरेन माझ्या वहीला हसते.
तिच्या मेंढ्या सरासरी चरत नाहीत.
बुटाच्या टाचेने ती जमीन उकरते,
मुळांचा पांढरा गुंता दाखवते
कपाट उघडून दाखवावं तसा :
"वरचं गेलं तरी गवत मरत नाही. सगळं इथे ठेवलेलं असतं.
पण उसंत लागते रे.
मारावं, थांबावं, मग पुन्हा मारावं.
हे थांबतच नाही."

समोर उत्तरेच्या उतारावर लार्चचं वन होतं.
त्याच बाजूला जमिनीखालचा बर्फ टिकतो,
त्याचा थेंब थेंब पिऊन ते उभं.
माझ्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं त्या वसंतात जळालं.
लोक म्हणाले, लार्च जळतो आणि उठतो, त्याची जातच ती.
उठलाही. मी वाकून मोजली होती रोपं,
त्रेपन्न, घोट्याएवढी.
मग तीन कोरडे वसंत, लागोपाठ.

आता तिथे गवत चढलंय.
गवताच्या जागी खालून रानदवणा चढलाय, कडू,
ज्याला बकरीही उपाशी असल्याशिवाय तोंड लावत नाही.
मुलगी शहरात ट्रक चालवते.
काळे बुंधे अजून उभे आहेत,
वारा सुटला की एखादा पडतो,
आम्ही सरपणाला आणतो.

या जानेवारीत एका रात्री पाऊस आला.
जानेवारीत!
मी दोनदा बाहेर जाऊन हात पुढे करून पाहिला.
सकाळी माळभर काच. लोखंडी झूद.
काचेखाली गवत दिसत होतं, पिवळं, अख्खं,
आणि वर मेंढ्या, खुरं रक्ताळेपर्यंत खरवडत.
खंदसुरेनच्या तीनशे चाळीसपैकी नव्वद उरल्या.
मी लिहिलं : एक पूर्णांक आठ मिलिमीटर.
त्या रात्रीमुळे महिन्याची सरासरी सुधारली.

"तुझ्या वहीत उसंतीला रकाना आहे का?"
जाताना तिने विचारलं, गेरची दोरी उंटावर आवळत.

नाही.
म्हणून परवा समासात पट्टी लावून एक आखला.
त्यात काय लिहायचं ते तिलाच विचारायला हवं,
आणि ती खिंडीपलीकडे गेली आहे,
म्हणे तिकडे कुठे गवत आहे.