स्थान संदिग्ध

टाँटनला समुद्र नाही.
टोन नदी आहे, तिच्यात दोन हंस,
आणि गावाबाहेर आमचं ऑफिस,
जिथं साऱ्या जगाच्या समुद्रांची खोली
फायलींत कोरडी ठेवलेली असते.

मी हिंदी महासागराच्या टेबलावर बसते.
शेजारी छाओ रुईलिंग, निंगबोची.
मधे एकच हीटर. तो कुणाकडे वळवायचा
यावरून नोव्हेंबरपासून आमचं शीतयुद्ध चालू आहे.

परवा तळाशी एक डोंगर सापडला.
हजारभर मीटर पाण्याखाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
एकाच आठवड्यात दोन सरकारांची दोन पत्रं:
आमच्या जहाजाला आधी दिसला.
नावंही सुचवलेली, आपापल्या वाडवडिलांची.

पेंगेली साहेबांनी चष्मा पुसला.
त्यांच्या पाठीमागं जुना नकाशा,
परक्या किनाऱ्यांवर त्यांच्याच मामा-काकांची नावं.
पूर्वी बरं होतं, असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, "तूर्त बिननावाचा राहू द्या.
अमेरिकन काय म्हणतात ते बघू."

माझा आतेभाऊ फ्रिगेटवर आहे, कोचीला.
रुईलिंगचा नवरा कुठल्याशा संशोधन-जहाजावर.
कसलं संशोधन, ती सांगत नाही,
मी विचारत नाही.
कधी एकाच सकाळी दोघांचेही फोन लागत नाहीत.
तेव्हा आम्ही किटलीपाशी उभ्या राहतो
उकळी फुटेपर्यंत,
खिडकीबाहेर बघत.

काका देवगडला तांडेल होते.
शिशाच्या गोळ्याला मेण चोपडून पाण्यात सोडायचे,
वर ओढून चिकटलेली वाळू जिभेवर ठेवायचे
आणि सांगायचे: सात वाव. पुढं खडक. डावीकडं घे.
पाणी कुणाचं,
हे त्यांच्या जिभेला कधी लागलं नाही.

हे मी रुईलिंगला सांगितलं.
"माझे आजोबा चरबी लावायचे," ती म्हणाली,
"मेण महाग होतं."
चरबीला वाळू जास्त चिकटत असेल, मी म्हटलं.
"चव मात्र वाईट."

संध्याकाळी डोंगरावर मी आकडा टाकला:
एक हजार एकशे चार.
खाली बारीक अक्षरांत, स्थान संदिग्ध.
तिनं दोनदा तपासलं, सही केली,
कोट घातला,
आणि जाता जाता बंद हीटर
आपल्या खुर्चीकडं वळवून ठेवला,
उद्यासाठी.