बाकी

पौषाच्या थंडीत सावद्याच्या शीतगृहात
इराणहून माणूस आला. नाव बहराम.
सोबत दिल्लीचा एक पोरगेलासा अधिकारी,
त्याला चार भाषा येत होत्या, केळी येत नव्हती.

बहरामनं हौदातल्या फण्यांकडं बोट केलं
आणि म्हणाला, ‘मोज!’
डिगंबर फेगडे चाळीस वर्षं काट्यावर उभे,
त्यांनी मोजायला घेतलं.
सत्तावीस खोक्यांपर्यंत गेले
तरी तो हसतो, मान हलवतो, पुन्हा म्हणतो, ‘मोज, मोज.’
‘कितीदा मोजू रे बाप्पा?’
शेवटी रावेरचे हाफिज सलीमोद्दीन आले स्कूटरवरून.
त्यांनी सांगितलं,
यांच्याकडं केळ्यालाच मोज म्हणतात.

मी वही लिहीत होते.
हसता हसता एक आकडा चुकला,
तो अजून चुकीचाच आहे.

हाफिजसाहेबांना मग फारसं काम उरलं नाही.
नमुना म्हटलं की तो हात पुढं करी,
बाजार म्हटलं की भुवया.
पसंत, अंदाज, तराजू, जमीन...
आपलीच समजून वापरत होते मी ही नाणी,
उलटून पाहिली तर मागं त्यांची टांकसाळ.
कुठल्याही करारावर सही होण्याच्या आधी
हे शब्द तापी उतरून आले असतील,
फर्मानात, खोगिराखाली, अत्तराच्या कुपीत,
आणि जकात न भरता राहून गेले.

रात्री तडवींच्या मळ्यात भरीत.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांग्यांची सालं तडकू लागली
तसा तो उकिडवा बसला, पाहुणा बसतो तसा नाही.
बोट चाटलं. म्हणाला, ‘बादेमजान.’
मग बराच वेळ काहीच नाही.
रश्तला त्याची आई वांगं असंच जाळते,
लसूण असाच ठेचते,
वरून अंडं फोडते, एवढंच.
नुरबानूनं कळण्याची अर्धी भाकर आणखी वाढली.
‘अंडंबी घालू की,’ ती म्हणाली, ‘त्यात काय!’

निघताना त्याच्या पांढऱ्या शर्टावर
केळीच्या चिकाचा डाग दिसला.
अधिकाऱ्यानं रुमाल भिजवून पुसला, तर पसरला.
डिगंबरकाकांनी खुणेनंच सांगितलं:
सोड. हा जात नसतो.

चार कंटेनर गेले.
साडेतेरा अंशात, झोपवून,
न्हावाशेवा, तिथून बंदर अब्बास.
पैसे आले.
पाचवा आणि सहावा समुद्रात होता
तेव्हा कुठल्या तरी तिसऱ्याच राजधानीत
कुणी तरी टेबलावर हात आपटला.
बँक म्हणाली, रस्ता बंद.
दिल्ली म्हणाली, दोन्ही देशांचे संबंध प्राचीन आणि सौहार्दाचे आहेत.
केळ्याला निवेदन वाचता येत नाही.
ते पिकतं.

अधिकाऱ्याची बदली झाली, थंड हवेच्या देशात.

आता दर शुक्रवारी बहरामचा फोन येतो.
मध्ये कुणी दुभाषा नसतो.
त्याचं मराठी आठ शब्दांचं, माझं फारसी तेवढंच,
आणि ते आठ बहुतेक एकच आहेत.
माल पोचला होता, पिवळा, थोडा डागाळलेला.
विकलाही गेला.
रक्कम त्याच्यापाशी पडून आहे, पाठवायला वाट नाही.
‘बाकी,’ तो म्हणतो,
क घशाच्या तळातून खरवडून काढत.
मी वहीकडं बघते.
शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर तेच छापलंय.
दोन कंटेनर ओढते पुढच्या पानावर.

‘काय म्हनतो?’ काट्यावरून काका विचारतात.
डाग गेला नाही म्हणतो. तोच शर्ट घालतो, घरात.
‘मी सांगलं व्हतं,’ काका म्हणतात,
आणि उगाच खूश होतात.

मग दोन्हीकडं गप्प.
लाइनीत खरखर,
त्याचा समुद्र असेल किंवा आमच्या सातपुड्याचा वारा.
फोन ठेवण्याआधी मी विचारते, सवयीनं,
इथं सगळेच विचारतात तसं,
‘बाकी काय?’